सोनेरी बोंड

बायकोला त्या टेबलापर्यंत मीच घेऊन गेलो, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आधी टेबलाचं सांगतो. अकोल्यात धर्मेंद्रच्या घरी वरच्या खोलीत एक जुना दरवाजा दोन लोखंडी स्टँडवर आडवा टाकलेला आहे. त्यावर आम्ही मित्र गेली सहा वर्षं, एक रविवार आड, लढाई खेळतो. ग्रीक पुराणातली लढाई. बोटाएवढे सैनिक, एकदोन वीर, एखादा राक्षस, आणि प्रत्येकाच्या पाठीशी एक देव. टेपनं इंच मोजून सैनिक सरकवायचे, फासे टाकायचे, मेला तो उचलून डब्यात. ऐकणाऱ्याला पोरखेळ वाटतो. वाटू द्या.

धर्मेंद्र ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवतो, म्हणून आमच्या देवळांचे खांब खडूचे. सहदेवचं तेल्हाऱ्यात फवारणी पंपांचं दुकान आहे, म्हणून डोंगर त्याच्या खोक्यांतल्या थर्माकोलचे. आणि फौज सगळी माझी. अमरावतीत माझी दातांची लॅब आहे. डॉक्टर मापं पाठवतात, मी कवळ्या आणि कॅपा बनवून देतो. मेण कोरायची हाताला सवय. एकशे चाळीस सैनिक मी एकेक करून मेणात कोरले आणि कवळीच्या गुलाबी अॅक्रिलिकमध्ये ओतले. वरून कितीही रंग द्या, ढाल खरचटली की आतून हिरडीसारखा गुलाबी दिसतोच. मला ते आवडतं. ती माझी सही आहे.

माझी आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे वही. खेळाचे मूळ नियम इंग्रजीत, एकशे बारा पानं. सहदेवनं पहिलं पान वाचलं आणि म्हणाला, "हे नियम हायेत का एमआरआयचा रिपोर्ट?" मग मीच बसून सगळं मराठीत उतरवलं. तेव्हापासून आमचा कायदा एकच: वहीत नाही ते खेळात नाही. भांडण झालं की दोघं माझ्याकडे बघायचे आणि मी सावकाश, चष्मा पुसून, वही उघडायचो. खरं सांगतो, जिंकण्यापेक्षा मला ते वही उघडणं जास्त आवडायचं.

वर्षभरात जो सगळ्यांत जास्त लढाया जिंकेल त्याला सोनेरी बोंड मिळतं. ग्रीक लोकांच्या कथेत सोन्याच्या लोकरीसाठी वीर समुद्र ओलांडून जातात. आमच्याकडे लोकर कुठली? सहदेवनं शेतातलं कापसाचं फुटलेलं बोंड आणलं आणि त्यावर सोनेरी स्प्रे मारला. सलग दोन वर्षं ते बोंड माझ्या लॅबमध्ये खिळ्याला टांगलेलं होतं. कवळीचं माप द्यायला आलेले म्हातारे विचारायचे, हे काय? मी सांगायचो. त्यांना कळायचं नाही, तरी सांगायचो.

जानेवारीत आमच्या चौथ्या भिडूची बदली झाली. तिघांत जोड्या पडेनात. धर्मेंद्र म्हणाला, "विपुल, वहिनीले घिऊन ये." मी हसलो. अपेक्षा पोस्टात काउंटरवर बसते. रांगेतल्या माणसाचं तोंड बघून तो रजिस्टरचं विचारणार की पेन मागणार हे ती ओळखते. पण लढाई आणि ती? मला वाटलं, येईल, कंटाळेल, दोन रविवारांत सोडून देईल. म्हणून नेलं.

डब्यातल्या फौजेतून तिनं मेडुसा उचलली. केसांच्या जागी साप असलेली, जिच्या नजरेला नजर भिडली की माणूस दगड होतो ती बाई. साप मी कवळीच्या उरलेल्या तारेचे केले होते. कोणी कधी तिला घेऊन खेळत नसे, कारण ती फार हळू चालते.

"ही कोनाची?" अपेक्षानं विचारलं.

"कोनाचीच नाई, वहिनी," सहदेव म्हणाला.

"मंग माही."

पहिली लढाई ती हरली. दुसरी हरली. तिसरीत तिनं माझे सात सैनिक दगड केले. आमच्या नियमात दगड झालेला सैनिक टेबलावरच राहतो. तिनं मेडुसा अशी फिरवली की माझ्याच सात सैनिकांची भिंत झाली, आणि माझा वीर त्या भिंतीमागे अडकला. मी कोरलेले, मी ओतलेले, मी रंगवलेले. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"बापा बापा बापा!" धर्मेंद्र उभाच राहिला. "सहा वर्षांत आपल्या कोनाच्या डोक्यात आलं नाई हे."

आपल्या कोणाच्या म्हणजे माझ्या. तो माझ्याकडे बघूनच बोलला.

तिथून पुढं जे झालं ते लिहितानाही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. सहदेव तेल्हाऱ्याहून येताना वहिनींसाठी कचोऱ्या आणायला लागला. सहा वर्षांत त्यानं मला शेंगदाणा आणला नव्हता. पंख्याखालची खुर्ची माझी होती. एका रविवारी वर जातो तर धर्मेंद्र ती फडक्यानं पुसून तिच्यासाठी ओढून ठेवतोय. धर्मेंद्रची आई, भागीरथाबाई, चहाचा ट्रे घेऊन वर यायची आणि दारातूनच विचारायची, "पोरगी जितली का?" मी जिंकलो की नाही हे सहा वर्षांत त्या बाईनं एकदा विचारलं नव्हतं.

आणि अपेक्षा! तिला या कशाचं काही नव्हतं. अकोल्याला जाताना रेल्वेत माझ्या शेजारी बसून ती तिकिटाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं टेबलाचा नकाशा काढायची. तिनं फोनवर मूळ इंग्रजी नियमही उतरवून घेतले होते आणि रोज जेवणाच्या सुट्टीत वाचायची. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. चांगल्या नवऱ्याला यात आनंद झाला असता. मला झाला नाही. मला वाटायचं, हे माझं होतं. माझं एकट्याचं एवढंच होतं.

डिसेंबरात शेवटची लढाई आली तेव्हा दोघांच्या जिंकलेल्या लढाया सारख्याच होत्या. माझ्या अकरा, तिच्या अकरा. बोंड या एका डावावर होतं.

आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, लॅबमधली पोरं जेवायला गेली आणि मी वही काढली. मेडुसाच्या पानावर शेवटच्या नियमाखाली एक ओळ मावेल एवढी जागा होती. मी तिथं लिहिलं: 'दगड झालेला सैनिक तीन फेऱ्यांनंतर पुन्हा जिवंत होतो.' त्याच निळ्या शाईत, तशाच बारीक अक्षरात. मेणात खोटा दात खऱ्याशेजारी बेमालूम बसवणं हा माझा धंदाच आहे. हात जरासुद्धा कापला नाही, आणि हेच मला नंतर जास्त लागलं.

रविवारी तिनं पुन्हा भिंत रचली. नऊ सैनिकांची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सहदेव टाळ्या वाजवायच्या बेतात होता. मी तीन फेऱ्या मोजल्या आणि म्हणालो, "आता हे जिवंत होतात."

"काय?" धर्मेंद्र म्हणाला. "कोनतं नवीन काढलं बे?"

"वहीत आहे."

मी चष्मा पुसला. वही उघडली. धर्मेंद्रनं वाचलं, सहदेवनं वाचलं. मग अपेक्षानं वही स्वतःकडे घेतली. दिवसभर फॉर्मांवरची खाडाखोड पकडणारी बाई ती. तिनं त्या ओळीवरून अंगठा फिरवला, अंगठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लिवलं आहे ना," ती म्हणाली. "मंग बरोबर आहे."

माझे नऊ सैनिक चालू लागले. माझ्या वीरानं दोन फाशांत मेडुसा मारली. अपेक्षानं ती स्वतःच्या हातानं उचलली, तारेचे साप वाकणार नाहीत अशी धरून कापसात गुंडाळली आणि डब्यात ठेवली. भागीरथाबाईंनी दारातून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "नाई मावशी, आज हे जितले."

परतीच्या गाडीत मी भांडणाची वाट बघत होतो. मूर्तिजापूर गेलं, आमचं उतरायचं बडनेरा आलं. तिनं एवढंच म्हटलं, "बोंड नीट धरा, चुरगाळन." अमरावतीत पोचल्यावर मी ते पुन्हा लॅबच्या खिळ्याला टांगलं. सोमवारी एका म्हाताऱ्यानं विचारलं, हे काय? मी म्हणालो, काही नाही, कापूस आहे.

पुढच्या खेळाच्या रविवारी तिनं पोळ्या लाटता लाटता सांगितलं, "मी नाई येत. तुमी जा."

"काहून?"

"काई नाई. कंटाळा आला."

मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, बडनेऱ्याला गाडीत बसल्यावर मनात पहिल्यांदा आलं ते हे की आज पंख्याखाली मी बसणार.

बसलोही. सहदेव कचोऱ्यांचा पुडा घेऊन आला, इकडेतिकडे बघितलं आणि पुडा खिडकीत ठेवला. कोणी उघडला नाही. आम्ही फौजा मांडल्या. एक फेरी झाली, दोन झाल्या. मी जिंकत होतो आणि कोणाचं टेबलाकडे लक्ष नव्हतं.

मग धर्मेंद्र म्हणाला, "काल वहिनीचा फोन आला होता."

फासे माझ्या हातातच राहिले. "काय म्हणाली?"

"म्हने, तो तीन फेऱ्यावाला नियम मूळ पुस्तकात नाई. पन तो त्याईनं सोताच सुचवला. मेडुसा लय भारी होऊन राहिली, समोरच्याले खेळात मजा येत नाई, म्हनून विपुलले लिहाले लावला, म्हने."

"काय बाई आहे!" सहदेवनं मांडीवर थाप मारली. "सोताच्याच फौजेले बेडी! आन त्याच नियमानं हरली, तोंडातून शब्द नाई काढला. याले म्हनतेत खेळाडू."

"आन नियमही काय जबरदस्त सुचवला," धर्मेंद्र म्हणाला. "मी रात्री बसून चार डाव मांडून पाह्यले. अख्खा खेळ सुधरला. इंग्रजी पुस्तकवाल्याच्याही डोक्यात नाई आला. वहिनीचं डोकंच वेगळं आहे, गड्या."

आता सांगा. मी सुटलो होतो. चोरी पचली होती, बायकोनं स्वतः पांघरूण घातलं होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं. एक कचोरी तोंडात घातली असती तरी निभावलं असतं.

पण माझ्या आत जे पेटलं ते पेटलंच. खेळणारी ती, हरणारी ती, कौतुक तिचंच; आणि आता माझा नियमही तिचा? चांगला नियम? पुस्तकवाल्यालाही न सुचलेला?

"तिनं नाही सुचवला!" मी ओरडलो. "माझा आहे तो नियम! मी लिहिला! शनिवारी दुपारी, लॅबमध्ये बसून, माझ्या डोक्यानं!"



माझ्या तोंडून काय गेलं हे मला सहदेवच्या चेहऱ्यावरून कळलं. तो आधी गोंधळला, मग त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं. "शनिवारी," तो म्हणाला. "म्हंजे फायनलच्या एक दिवस आदी."

धर्मेंद्र इतिहासाचा मास्तर. इतकी वर्षं पोरांना तहात कोणी कोणाला फसवलं ते शिकवणारा माणूस. त्यानं माझ्याकडे तसंच पाहिलं. त्यानं वही माझ्यासमोरून उचलली आणि आपल्या बाजूला ठेवली. सहा वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या हाताबाहेर गेली.

"फोन लाव वहिनीले," तो म्हणाला.

मी लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला. मागून गाडीचा खडखडाट आणि चणेवाल्याचा आवाज येत होता.

"अपेक्षा," मी म्हणालो, "मी सांगून टाकलं. त्या नियमाचं. दोघांना."

"सांगतलं? इतक्या लवकर?" ती म्हणाली. "मले वाटलं, च्या होईपर्यंत तरी दम धरसान."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? तुमचं चुकलं असं म्या म्हनलं असतं, त तुमी जन्मात कबूल केलं नसतं. पन तुमची चीज दुसऱ्याच्या नावावर गेली का तुमाले घडीभर सोसत नाई. नऊ वर्षं पाहून राहिली मी." ती थांबली. आवाज जरा खाली आला. "मले लय लागलं होतं, विपुल. बोंडाचं नाई. तुमी माह्या डोळ्यात पाहून वही उघडली, त्याचं."

'चुकलो' हा शब्द घशापर्यंत आला आणि पोस्टात परत गेलेल्या पत्रासारखा तिथूनच फिरला. तिनं वाट बघितली. मग मी तो पुन्हा आणला आणि म्हणालो. सहदेव खिडकीकडे बघत बसला.

"बरं," ती म्हणाली. "मूर्तिजापूर सोडलं आता गाडीनं. तुमच्या मागच्या गाडीतच बसली मी. खिळ्यावरचं बोंड घिऊन येऊन राहिली. मांडनी मोडू नका. माही बाई बाहेर काढून ठेवा."

फोन बंद झाला. मी पंख्याखालच्या खुर्चीतून उठलो, डबा उघडला आणि कापसातून मेडुसा काढली. एक साप वाकला होता, तो नखानं सरळ केला. तिला टेबलाच्या त्या बाजूला उभं केलं, तोंड माझ्या फौजेकडे.

सहदेवनं कचोऱ्यांचा पुडा उघडला आणि दोन बाजूला काढून ठेवल्या. मी टेबलाकडे बघत उभा होतो. तिनं एक फोन केला होता आणि मला घरबसल्या दगड केलं होतं. मी चुकलो होतो, मला लाज वाटत होती, ती येतेय म्हणून बरंही वाटत होतं. आणि त्या सगळ्याच्या खाली, देवाशपथ सांगतो, एकच ठसठस चालू होती. इतकी चांगली चाल मला का सुचली नाही?