अधिक ज्येष्ठाचे पस्तीस बाइट

माझं डोकं लवकर तापतं हे आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे ते मेल वाचून मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. काकी एवढंच म्हणाली, "सानिका, तोंड आवर गो, तिन्हीसांजा व्हायला आल्यात."

मेल धोंडूकाकांच्या नावाने आलं होतं. धोंडूकाका माझे सख्खे काका. तीस वर्षं बोटीवर होते. निवृत्त होऊन पावस गावी घरी आले ते बसून खायला नाही, २०१३ साली त्यांनी 'उधाण' नावाचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो पंचांग बघून त्या दिवशीची भरती-ओहोटी सांगायचा. आधी मुंबईची वेळ काढायची आणि मग आपल्या किनाऱ्यासाठी चाळीस मिनिटं वजा करायची, असा सगळा हिशेब. फुकट वाटल्या जाणाऱ्या एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या भांडारात तो तेरा वर्षं आहे, आणि खाली काकांचं नाव आहे. आता काचबिंदूने काकांची नजर गेली. मेल आलं की कॉम्प्युटर ते मोठ्याने वाचून दाखवतो, आणि काही अडलं की मला रत्नागिरीहून बोलावून घेतात. मी तिथे कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवते, म्हणजे मला सगळं येतं असा घरच्यांचा समज आहे.

मेलमध्ये लिहिलं होतं की नव्या आवृत्तीत प्रोग्रामची बांधणी करणाऱ्या कंपायलरला जादा पहारे बसवलेत. प्रोग्रामने आपल्या जागेबाहेर एक अक्षर जरी लिहिलं तरी तो तिथल्या तिथे बंद पडणार. 'उधाण' बंद पडत होता, त्यामुळे त्याची बांधणीच होत नव्हती. चौदा दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर भांडारातून काढू.

"काढू दे की, मेले," मी म्हटलं.

"नको गो बाय," काका म्हणाले. "दर्शन गेला, डोळे गेले. माझं नाव लावायला आता तेवढंच आहे."

मी कॉम्प्युटरपुढे बसले.

दर्शन हा त्यांचा एकुलता मुलगा. आठ वर्षांपूर्वी मे महिन्यात, पौर्णिमेच्या ओहोटीला तो खडपावर, म्हणजे भरतीत बुडणाऱ्या खडकावर, शिंपल्यातली कालवं काढायला गेला. खिशात काकांनी 'उधाण'मधून काढून दिलेली वेळेची चिठ्ठी होती. पाणी मागून फिरलं आणि तो अडकला. दोन दिवसांनी सापडला तेव्हा मनगटावर घड्याळ तसंच होतं. त्या दिवसापासून काकांचं एक वाक्य ठरून गेलं. कोणीही भेटायला येवो, दर्शनचा विषय निघाला की ते म्हणायचे, "हातात घड्याळ होतं, पण बघितलंन नाही." काकी दर वेळी उठून मागीलदारी जायची. काकांनी चिठ्ठ्या काढणं मात्र तेव्हापासून बंद केलं.

तर मी पहिल्यांदा सगळे करतात तेच केलं, पहाराच उठवला. पलीकडून तपासणारा सुजय नावाचा कोणी होता. त्याने तासाभरात परत पाठवलं, पहारा कोणासाठीही उठणार नाही म्हणून. शिष्ट मेला. पण मग माझ्या लक्षात आलं की हाच प्रोग्राम त्याच कंपायलरवर एप्रिलमध्ये व्यवस्थित बांधला गेला होता. मी कॉम्प्युटरचं घड्याळ एप्रिलवर नेलं. झाला. मेवर आणलं, पडला. सतरा मे आली की पडतच होता.

बांधणी करताना चाचणी म्हणून 'उधाण' त्या दिवसाची चिठ्ठी काढून बघतो, आणि सतरा मेपासून अधिक ज्येष्ठ लागला होता. धोंड्याचा महिना. काकांनी महिन्याच्या नावाला बत्तीस बाइटची जागा ठेवली होती. आपल्या लिपीतलं एकेक चिन्ह तीन तीन बाइट खातं, मधली मोकळी जागा एक आणि नाव संपल्याची खूण एक. सगळ्यात लांब नाव मार्गशीर्ष, ते एकतीसमध्ये बसतं, म्हणून काकांनी बत्तीस धरले. 'अधिक ज्येष्ठ'ला पस्तीस लागतात. धोंड्याच्या महिन्यात जन्मला म्हणून ज्याचं नाव धोंडू ठेवलं, तो माणूस नेमका धोंडाच विसरला होता. मला हसू फुटलं. काकांना हाक मारून चिडवणारच होते.

तेवढ्यात मी शेजारची ओळ वाचली. महिन्याच्या नावाला लागूनच त्या चाळीस मिनिटांची जागा होती. नाव सांडलं की ते बरोबर त्या चाळिसावर सांडत होतं, आकड्याच्या जागी अर्धवट अक्षर यायचं आणि प्रोग्राम ते शून्य धरायचा. पहारा नव्हता तेव्हा प्रोग्राम पडायचा नाही, गुपचूप चुकीची वेळ द्यायचा.

मी आधीचे अधिक महिने तपासले. आषाढ बसत होता. आश्विन काठोकाठ बसत होता. श्रावणही तसाच काठोकाठ, पण बसत होता. या तेरा वर्षांत न बसणारा एकच होता, २०१८चा अधिक ज्येष्ठ. मी जुनाच प्रोग्राम जुन्या पद्धतीने बांधला आणि त्या पौर्णिमेची तारीख घातली. चिठ्ठी आली: पाणी वळणार पाच चाळीसला. खरं तर ते पाचला वळलं होतं. दर्शनच्या खिशात मुंबईची वेळ होती.

मी मान वर केली. काका पडवीत टेकून बसले होते आणि काकी त्यांच्या पायाशी फणसाच्या आठळ्या सोलत होती. सांगितलं तर काका संपतात. नाही सांगितलं तर दर्शन कायमचा निष्काळजी ठरतो, आणि काकी मरेपर्यंत ते ऐकत राहते. मला दोन्ही नको होतं, आणि तिसरं काही सुचत नव्हतं. मी घाबरले, हे कबूल करते. बत्तीसचे चौसष्ट केले, नोंदीत 'किरकोळ दुरुस्ती' लिहिलं आणि पाठवून दिलं.

"झालं?" काकांनी विचारलं.

"झालं. तिकडच्यांचंच काहीतरी होतं."

काका लहान मुलासारखे हसले. मी पाणी प्यायला आत गेले. दहा मिनिटंही झाली नसतील, बाहेर कॉम्प्युटर आपल्या सपाट आवाजात इंग्रजी वाचायला लागला. सुजयचं उत्तर काकांच्याच पत्त्यावर आलं होतं, दुसरीकडे कुठे येणार होतं? दुरुस्ती मान्य आहे, पण ही किरकोळ वाटत नाही. 'अधिक ज्येष्ठ' महिन्यात वापरणाऱ्यांना आधी कोणती चुकीची वेळ मिळत होती, ते नोंदीत स्पष्ट लिहा.

मी धावले, पण आवाज बंद करायचं बटण मला सापडेना.

"राहू दे," काका म्हणाले. "वाचू दे त्याला."

त्यांनी पुन्हा एकदा वाचून घेतलं. मग ते बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. अ, ध, त्याची वेलांटी, क. ज, त्याचा पाय मोडलेला, य. पस्तीसला अंगठा थांबला. पुढच्या ओळीत काय आहे ते मला त्यांना सांगावं लागलं नाही, ती त्यांनीच लिहिली होती.

काकीला इंग्रजी कळत नाही. तिला फक्त कॉम्प्युटरने वेडावाकडा उच्चारलेला ज्येष्ठ कळला होता. "काय म्हणतोय तो?" तिने विचारलं.

काकांनी तिच्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "जने, दर्शनने घड्याळ बघितलंन होतं."

काकीच्या हातातली आठळी तशीच राहिली. "मग वेळेवर परतला का नाही?"

"चिठ्ठीत चुकीची वेळ होती."

"चिठ्ठी कोणी काढली होती?"

आमच्या वाडीत चिठ्ठ्या एकच माणूस काढायचा. ते तिला माहीत होतं. तरी तिने विचारलं, आणि या वेळी ती मागीलदारी गेली नाही. उत्तर येईपर्यंत तिथेच बसून राहिली.