'अ' वर्गातला पुठ्ठा

मी पुठ्ठा बोलतोय, तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीतून, खिडकीच्या फटीत अडकून. आवाज जरा घोगरा येईल, कारण मी ओला आहे आणि तीन घड्या घालून कोंबलेला आहे. सांभाळून घ्या.

टेबलफॅनच्या खोक्याची एक बाजू म्हणून मी जन्माला आलो. अंगावर गरगरणाऱ्या पात्यांचं चित्र होतं, त्यामुळे थोडा तोराही होता. फॅन बाहेर निघाला आणि माझी रवानगी पलंगाखाली झाली. माणसांना खोकं टाकवतही नाही आणि ठेवायला जागाही नसते.

एका हिवाळ्यात सूनबाईंनी मला ओढून काढलं. खिडकीची चौकट फुगून वाकडी झाली होती, आणि बोटभर फटीतून वारा थेट सासऱ्यांच्या पलंगावर यायचा. सासरे निवृत्त टायपिस्ट, दम्याने बेजार. सूनबाईंनी मला भाजीच्या सुरीने कापलं आणि लाटण्याने ठोकून फटीत बसवलं. म्हाताऱ्यांचा खोकला निम्म्यावर आला. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी.

मग जुन्या इमारतींत ऊर्जा वाचवायची योजना आली. तपासनीस प्रत्येक खिडकी वर्गात घालणार होते: सुधारणा झालेली ती 'अ', किरकोळ सुधारणा हवी ती 'ब', मोठी हवी ती 'क'. 'क'ला नवी खिडकी फुकट. सूनबाई महिनाभर त्या 'क'कडे डोळे लावून बसल्या.

तपासनीस साहेब भले गृहस्थ, मफलरमध्ये गुंडाळलेले. त्यांनी वारा मोजायचं यंत्र माझ्यासमोर धरलं. काटा ढिम्म हलेना. त्यांनी 'अ' लिहून टाकलं. सूनबाईंनी घाईघाईने सांगितलं की अहो, हा नुसता पुठ्ठा आहे, आणि मला उपटलं. वारा आत घुसला, साहेबांचे कागद उडाले, सासऱ्यांना उबळ आली, काटा सरसर चढला. मला वाटलं, जमलं एकदाचं.

"म्हणजे सुधारणा होती," साहेब कागद गोळा करत म्हणाले. "ती तुम्ही आत्ता काढलीत. बाई, याला बिघडवणं म्हणतात."

त्यांच्या कागदावर काच, लाकूड, धातू आणि इतर असे चार रकाने होते. त्यांनी 'इतर'वर खूण केली, मला स्वतःच्या हाताने परत बसवलं आणि माझ्या अंगावर हिरवी चकती चिकटवली: 'कायमस्वरूपी सुधारणा'. मी आणि कायमस्वरूपी! शिंतोडा पडला तरी माझे पापुद्रे सुटतात.

सूनबाईंनी कार्यालयात खूप खेटे घातले. वर्ग बदलायचा तर पुन्हा मोजणी, आणि मोजणी सुधारणा जागेवर असतानाच, असं उत्तर मिळालं. आमच्या इमारतीत माझे एकवीस भाऊबंद निघाले म्हणे: चिंध्या, फाटक्या उशा, कुणाचा तरी जुना स्वेटर. सगळे 'अ'. खाली दारावर इमारतीच्या कौतुकाचा फलकसुद्धा लागला.

दोन वर्षांत माझा लगदा झाला. वारा पुन्हा पलंगावर यायला लागला आणि सासऱ्यांना बसल्या जागी धाप लागू लागली. फार वाईट वाटायचं हो, पण मी तरी काय करणार!

आज फेरतपासणीला साहेब आले. यंत्र धरलं, काटा चढला, सूनबाईंचा चेहरा खुलला. साहेबांनी लिहिलं: देखभालीत कुचराई. आठ दिवसांत सुधारणा पूर्ववत करावी.

सासरे उशीला टेकून उठले. धाप आवरून म्हणाले, "साहेब, खिडकी 'अ'मध्ये आहे. मला कुठे घातलंय?"

साहेबांनी खरोखरच कागद उलटून पाहिला. पाठ कोरी होती.

सूनबाई आत जाऊन दुसरं खोकं घेऊन आल्या. सुरी चाललेली ऐकू येतेय, आता मला काढतील. जाता जाता एवढंच सांगतो: मोजायला याल तेव्हा आधी आम्हाला उपटा, त्या पलंगावर दोन मिनिटं बसा, आणि मग लिहा काय लिहायचं ते.