वळणावर तुटणारा आवाज

मी आगगाडीचं इंजिन बोलतोय. रुळांवर गाडी ओढणारं खरं इंजिन नव्हे. मागच्या कोळशाच्या डब्यासकट मोजलं तर हातभर लांबीचा, काळ्या अंगाचा आणि लाल चाकांचा. खेळणं म्हणा हवं तर. पण मला आवाज आहे. कोळशाच्या डब्यात पेढ्याएवढा कर्णा बसवलेला आहे. रुळातून वीज माझ्या चाकांत येते, चाकांतून आत जाते आणि त्या कर्ण्यातून वाफेच्या इंजिनासारखी भकभक बाहेर पडते.

जन्म विलायतेतला. तिथलं काही आठवत नाही. पुण्याच्या कॅम्पातल्या एका बंगल्यात आलो, थोडे दिवस कौतुक झालं, मग ती माणसं देश सोडून निघाली आणि सामान विकायला निघालं. मी जुन्या बाजारात गोणपाटावर येऊन पडलो, शेजारी पातं मोडलेला टेबलफॅन. येणारे-जाणारे मला उचलायचे, "चालतंय का हे?" विचारायचे आणि उत्तर ऐकायच्या आत खाली ठेवायचे.

मोहिद्दीन डायवर आले ते मात्र खाली उकिडवे बसले. दौंडहून मनमाडकडे वाफेच्या इंजिनावर त्यांची सारी नोकरी गेली होती. आता नोकरी संपवून मुळशीला, आपल्या गावी, कायमचे चालले होते. त्यांनी मला पहिल्यांदा उलटा केला आणि चाकं पाहिली. विक्रेत्याने बॅटरी जोडली, तसा त्यांनी कान माझ्या पाठीशी आणला. तेव्हा त्यांना ऐकू यायचं. कमी यायचं, पण यायचं.

"बोलतंय की रं हे!" ते म्हणाले, आणि खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळून मला एस.टी.त घेऊन बसले.

घर दोन खोल्यांचं, कौलारू, धरणाच्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावर. दारात जोहराबी उभ्या होत्या, त्यांच्या बायको. डायवर रुळांवर फिरत असताना या बाईने घर, म्हैस आणि भाताचं खाचर एकटीने सांभाळलं होतं. मुलगी सुलताना वाढवली, शिरवळला दिली. टॉवेल उलगडून मला बघितल्यावर त्या म्हणाल्या, "सारी उमर इंजानाबरुबर काढली तुमी. आता घरी आलात तर संगं त्येचं पिल्लू आनलंत व्हय?"

डायवर हसले. पण मला वाटतं, त्यांना ते वाक्य नीट ऐकू गेलं नव्हतं.

पुढच्या खोलीत त्यांनी फळ्या जोडून माझ्याबरोबर मिळालेले रूळ अंथरले. गावातली वीज कधी जाईल याचा भरवसा नसे, म्हणून मोटारीची जुनी बॅटरी आणली. जोहराबींच्या बाजेला वळसा घालून मी फिरायचो. संध्याकाळी चहा झाला की डायवर मला सोडायचे आणि त्या बाजेवर बसून तांदूळ निवडायच्या.

वर्षं गेली तसा डायवरांचा कान आणखी उतरत गेला. इंजिनाचा धडधडाट आणि शिट्ट्या यांनी तो आधीच खाल्ला होता, वयाने उरलेला नेला. गावातली माणसं आधी त्यांच्याशी ओरडून बोलायची. मग ओरडायचा कंटाळा आला. मग नुसतं हसून, मान हलवून पुढे जायला लागली. चहाच्या हॉटेलात सगळे हसले की डायवरही हसायचे, जरासे उशिरा. नंतर त्यांनी हॉटेलात जाणंच सोडलं. अजान झाली की जोहराबी त्यांच्या खांद्याला हात लावायच्या. कुणाचा निरोप आला, बाजारात काय ठरलं, कोण गेलं, कुणाचं लग्न निघालं, सगळं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन त्याच सांगायच्या. डायवरांना जग कळत होतं ते त्या एका तोंडातून.

नवरा इतक्या वर्षांनी घरी आला आणि त्याला ऐकू येईनासं झालं. म्हशीला चारा घालताना त्या तिच्याशी जास्त बोलायच्या. ते मला आतून ऐकू यायचं.

मुळशीचा पावसाळा महिनोन् महिने चालतो. भिंती ओल धरतात, कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं. माझ्या रुळांवर त्या दमटाने काळपट थर चढला, चाकांना किटण बसलं. आता एक गोष्ट सांगतो. रुळावर एखादी घाणेरडी जागा आली तर चाकं वजनाच्या भरात ती ओलांडून जातात, धाव थांबत नाही. आवाजाला तसा भार नसतो. वीज क्षणभर तुटली की आवाज तिथेच तुटतो. म्हणून बघणाऱ्याला मी धडधाकट दिसायचो, फक्त मधूनमधून मुका व्हायचो. मग ते मधूनमधून वाढत गेलं आणि एका पावसाळ्यात आवाज गेला तो गेलाच. मी नुसता फिरत राहिलो.

डायवर रोज विचारायचे, "बोलतंय न्हवं?"

जोहराबी तांदळातून वर बघायच्या आणि मान डोलवायच्या. "बोलतंय, बोलतंय."

ते समाधानाने माझ्याकडे बघत बसायचे. मी गप्प फिरायचो, बाई गप्प बसायची आणि डायवर एकटेच खूश असायचे. त्या खोलीइतकी शांत खोली मी दुसरी पाहिली नाही.

हे उघडं पडलं ते हैबतरावांमुळे. हैबतराव शेजारचे शेतकरी, डायवरांच्याच वयाचे, मनाचे सरळ आणि बोलायला आडदांड. नवा तांदूळ झाला म्हणून वाटीभर वानोळा घेऊन आले होते. बाजेच्या कडेला टेकून त्यांनी माझी एक फेरी बघितली.

"भाभी, ह्ये मुकं कवापासनं झालं?"

जोहराबींनी डोळ्यांनी खुणावलं, गप बसा म्हणून. हैबतरावांना खूण कळली नाही. डायवरांना मात्र कळली. कान गेलेल्या माणसाची नजर तिखट होते.

"काय म्हंतोय त्यो?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाई."

हैबतराव उठले, दोन्ही हातांचा कर्णा केला आणि डायवरांच्या कानात अख्ख्या आळीला ऐकू जाईल असे ओरडले, "मुकं! तुजं इंजान मुकं झालंय, डायवर!"

डायवरांनी हात लांब करून बॅटरीची वायर काढली. मी जिथे होतो तिथे थांबलो. हैबतराव तांदळाची वाटी ठेवून ओशाळून निघून गेले.

"कवापासनं?" डायवरांनी बायकोला विचारलं.

जोहराबींनी दोन बोटं वर केली. "दोन पावसाळं."

"मी रोज इचारत हुतो, जोहरा."

डायवरांनी मला खोक्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

त्यानंतरचे दिवस मी खोक्याच्या फटीतून बघितले आणि ऐकले. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. जोहराबी काहीही सांगायला गेल्या की डायवर विचारायचे, "खरं?" म्हैस आटली म्हणाल्या, खरं? किराणावाला उद्या येतोय, खरं? एकदा एस.टी.च्या कंडक्टरबरोबर शिरवळहून निरोप आला, सुलतानाला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. जोहराबींनी आनंदाने त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. डायवरांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"का मला बरं वाटावं म्हून सांगतीयास?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच एस.टी.त बसून शिरवळला निघाले. हॉर्न ऐकू न येणारा म्हातारा, मध्ये स्वारगेटला गाडी बदलायची. जोहराबी दिवसभर दारात उभ्या होत्या. हैबतराव दोनदा येऊन गेले. "येतंय म्हातारं. कुटं जातंय?" म्हणाले, पण दुसऱ्या वेळी त्यांचाही आवाज बारीक झाला होता.

दिवेलागणीला डायवर परतले. चपला काढल्या, पाणी प्यायले. मग म्हणाले, "पोर नाकीडोळी तुज्यावर गेलीया. समदं खरं हुतं."

जोहराबी त्यांच्या कानाशी गेल्या. मोठ्याने बोलाव्या लागतात म्हणून अशा गोष्टीही मला ऐकू आल्या. "सुलतानाचे अब्बा, मी एकच खोटं बोलले. तुमचं त्वांड बघून बोलले. इंजान सोडलं की तुमी नोकरीवरल्यावानी दिसायचा. ती एक गोष्ट तुमच्यापासनं काढून घ्यायची म्हंजी..."

थोड्या वेळाने माझ्या खोक्याचं झाकण उघडलं.

आता विचार करा. बहिऱ्या माणसाला आवाज दुरुस्त करायचा होता. डायवरांनी मला रुळावर ठेवलं, वीज दिली आणि एक बोट कोळशाच्या डब्यावर, बरोबर कर्ण्याच्या वर टेकवलं. काही थरथरलं नाही. त्यांनी रॉकेलमध्ये चिंधी भिजवून सगळे रूळ पुसले. चिंधी काळीकुट्ट झाली. मला उलटा करून चाकं एकेक करून चकचकीत केली. चाकांना आतून घासणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या पार सैलावल्या होत्या, त्या चिमट्याने हलकेच वाकवून चाकांना भिडवल्या. पुन्हा वीज दिली, पुन्हा बोट टेकवलं.

बोटाखाली माझा कर्णा धडधडला. मला स्वतःचा आवाज कितीतरी दिवसांनी ऐकू आला.

"आला!" जोहराबी ओरडल्या, आणि डायवरांना ते ऐकू गेलं नाही हे लक्षात येऊन हात हलवला.

"आता तू माजा सिग्नल," डायवर म्हणाले. "आवाज तुटला की हात वर. आला की खाली. आन् खरं सांग."

मी फिरू लागलो. डायवर माझ्याकडे बघतच नव्हते, बाजेवर बसलेल्या बायकोच्या हाताकडे बघत होते. सरळ रुळावर हात मांडीवर होता. वळणाला लागलो तसा हात वर गेला. वळण संपलं, हात खाली आला. पुढच्या वळणाला पुन्हा वर. प्रत्येक वळणावर तसंच.

"वळनावरच?"

जोहराबींनी मान हलवली.

"मग रुळाचा दोष न्हाई." डायवरांनी मला उचललं. माझ्यापासून मागच्या डब्यात जाणारी एक बारीक वायर आहे. वरून ती धड दिसत होती. त्यांनी ती नखाने दाबत दाबत तपासली. एके ठिकाणी वरचं कातडं शाबूत होतं आणि आतलं तांबं तुटलेलं. सरळ चालताना टोकं एकमेकांना टेकायची, वळण आलं की ताण पडून सुटायची. डायवरांनी ती वायर काढली, जरा लांब घेतली, म्हणजे वळताना ओढ बसू नये, आणि कथलाचा डाग देऊन जोडली.

मग मी निघालो. पहिलं वळण, हात मांडीवर. दुसरं वळण, हात मांडीवर. डायवर त्या हाताकडे बघत राहिले. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, हात हलला नाही.

"कसा येतोय?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं.

जोहराबींनी थोडा वेळ लक्ष देऊन ऐकलं. "भाकरी थापल्यावानी." मग त्यांनी नवऱ्याचा हात ओढून घेतला, तळवा वर केला आणि माझ्या भकभकीबरोबर त्यावर बोटांनी थाप मारू लागल्या. मी वेग घेतला की थाप जलद व्हायची, हळू झालो की हळू.

"व्हय," डायवर म्हणाले. "चढाला लागल्यावर असंच."

त्यानंतर त्या घरात बोलणं वाढलं असं म्हणणार नाही. पण "खरं?" हा प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही. संध्याकाळी मी फिरायचो आणि एका म्हातारीची बोटं एका म्हाताऱ्याच्या तळव्यावर चालायची. हैबतराव एकदा दारातून बघून, आत न येता तसेच परत गेले.

ते दिवस फार नव्हते. थंडीत जोहराबींना ताप आला, छातीत कफ झाला. पौडच्या दवाखान्यात नेलं. तिथून त्या परत आल्या त्या चौघांच्या खांद्यावरून.

चाळीसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर डायवरांनी मला एकदाच रुळावर ठेवलं. मी चांगला बोललो. एकाही वळणावर तुटलो नाही. ते रिकाम्या बाजेकडे बघत होते. तळवा मांडीवर उघडा पडला होता. मी ओरडून सांगणार तरी काय? माझ्याकडे एकच शब्द आहे आणि तो त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. त्यांनी वायर काढली.

पुढे सुलताना आली. "अब्बा, आता हितं एकलं ऱ्हायाचं न्हाई," असं तिने त्यांना खुणांनी सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. निघायच्या दिवशी रुळांना आणि माझ्या चाकांना तेलाचा हात फिरवला, खोक्यात ठेवलं. मग खाली वाकून माझ्याशी बोलले. त्यांना वाटलं आपण कुजबुजतोय. पण बहिऱ्या माणसाला स्वतःची कुजबुज कळत नाही. दारात उभ्या असलेल्या लेकीला ऐकू गेलं, अंगणात थांबलेल्या हैबतरावांनाही गेलं.

"ऐकनारी गेली, बाबा. आता तू बी गप ऱ्हा."

हैबतरावांनी डोक्यावरची टोपी काढली आणि धरणाच्या पाण्याकडे तोंड करून उभे राहिले.

आता मी कोनाड्यात आहे. दाराला कुलूप आहे. पावसाळे येतात, तेल सुकत चाललंय, चाकांवर ओल पुन्हा हळूहळू चढतेय. पलीकडच्या रस्त्यावरून धरण बघायला येणाऱ्यांच्या मोटारी जातात, त्यांचे हॉर्न ऐकतो. डायवर शिरवळला कसे आहेत, कुणी सांगत नाही. सांगितलं तरी ते खरं की खोटं, मला कसं कळावं?

मी बिघडलेलो नाही. मला गप्प राहायला सांगितलंय, म्हणून गप्प आहे. कधी कुणाला हे खोकं सापडलं तर चाकं पुसा, पट्ट्या चाकांना भिडवा, वायर जपा. पण एकट्याने मला सोडू नका. आधी शेजारी कुणाला तरी बसवा.