खिळ्यांवरची रबरं

लाकडापुढे हा सुतार कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. लेकीपुढे मात्र त्याचं पार पाणी व्हायचं. आणि सगळं नासलं ते इथेच, दुसरं काही नाही.

त्याचा खालचा जबडा वरच्याच्या पुढे आलेला. शाळेत पोरं त्याला 'ड्रॉवर' म्हणायची. "ए ड्रॉवर, आत जा!" म्हणत हनुवटीवर टपली मारायची. कारखान्यातही तेच नाव चिकटलं. चाळिशीत तो हसून ओ द्यायचा, पण डबा खाताना भिंतीकडे तोंड करून बसायचा. चिमणीचे, म्हणजे त्याच्या लेकीचे, दुधाचे दात पडून नवे आले आणि त्यात बापाचाच जबडा डोकावू लागला, तेव्हा तो रोज तिची हनुवटी धरून तोंडात डोकावायला लागला. बायको म्हणाली, "मोठी झाल्यावर बघू की." पण तो कसला ऐकतोय! त्यानेच हट्टाने तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"वेळेवर आणलंत," बाई म्हणाल्या. "साडेआठ वर्षांचं हाड अजून ऐकतं. दहाच्या पुढे ते हट्टी होतं."

त्यांनी वरच्या दातांना एक पट्टी चिकटवली, तिला दोन आकडे. वर चेहऱ्यावर घालायचा मुखवटा दिला: कपाळाला एक गादी, हनुवटीला एक, मधे तारेची दांडी. आकड्यांपासून दांडीपर्यंत दोन रबरं ताणून लावायची, म्हणजे वरचा जबडा हळूहळू पुढे ओढला जातो. संध्याकाळी घालायचा तो सकाळपर्यंत. रोज नवी रबरं, आणि वापरलेली डबीत घालून परत आणायची.

बायको हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात रात्रपाळीला. तेव्हा मुखवट्याचं काम बापाच्या गळ्यात पडलं.

पहिल्या संध्याकाळी चिमणी नुसती कण्हली. दुसऱ्या संध्याकाळी रडली. तिसऱ्या संध्याकाळी तिने त्याचा हात घट्ट धरला आणि भरल्या डोळ्यांनी बघत राहिली. झालं! गड्याने रबरं काढून टाकली. "आजच्या दिवस हं," म्हणाला. त्या आजच्या दिवसाचं सव्वा वर्ष झालं.

उजाडताना बायकोची जिन्यात चाहूल लागली की तो घाईघाईने रबरं अडकवायचा. बायको आत येऊन मुखवट्याच्या पट्ट्यांमधून लेकीच्या केसांत बोटं फिरवायची. "शहाणी गं माझी बाई ती." चिमणी डोळे मिटून पडून राहायची. बाप-लेकीचं गुपित म्हणे! असलं गुपित चुलीत घाला.

आता, रात्रभर ताणलेलं रबर सैल पडतं, आणि दहा मिनिटं लावलेलं नवंच्या नवं दिसतं. हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं. शेवटी कारागीर माणूस. त्याने फळीच्या तुकड्यावर दोन खिळे ठोकले, अंतर आकड्यापासून दांडीपर्यंत बरोबर मापून. रोज रात्री रबरं त्यावर ताणायची. तोंडातली वाटावीत म्हणून वर पाण्याचा हात फिरवायचा. दवाखान्यातली मदतनीस ती नुसती मोजायची आणि टाकून द्यायची. "काही मुलांचं हाड आळशी असतं," डॉक्टरीणबाई दर खेपेला म्हणायच्या, आणि आणखी दोन महिने वाढवायच्या. त्यालाही हळूहळू ते खरं वाटायला लागलं. हाडच आळशी, आपण काय करणार!

परवा बायकोही सोबत आली होती, आणि नेमकी मदतनीस रजेवर होती. बाईंनी स्वतःच डबी पांढऱ्या तबकात उपडी केली. एक रबर चिमट्यात धरून उजेडात नेलं. मग दुसरं. मग तिसरं.

"यांना गंज कसा लागला?" त्या म्हणाल्या. "माझे आकडे तर गंजत नाहीत."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. रोजच्या पाण्याने खिळे गंजले होते आणि प्रत्येक रबरावर दोन तांबूस ठिपके होते, एकाच अंतरावर.

"मीच काढायचे," चिमणी खुर्चीतून म्हणाली. "बाबा झोपल्यावर."

"तू?" आई ताडकन उठली. "अगं, मी रात्र रात्र तिकडे उभी, आणि तू माझ्या डोळ्यांत धूळ फेकत होतीस? कार्टे!" तिचा हात उठला. चिमणीने मान खाली घातली, बापाकडे बघितलंसुद्धा नाही.

"तिला काही बोलू नकोस," सुतार म्हणाला. "मी काढत होतो. पहिल्यापासून. तिला दुखायचं गं."

बायकोचा हात तसाच राहिला. डॉक्टरीणबाईंनी जबड्याचा एक्स-रे फोटो दिव्यावर लावला.

"दुखणारच," मग त्या म्हणाल्या. "पहिले चारेक दिवस. त्यानंतर मुलं विसरूनही जातात की तोंडाला काही लावलंय."

"मग आता घालू की! आजपासून घालू. हलूसुद्धा देणार नाही मी तिला."

"घालू. थोडंफार सरकेल कदाचित. पण आता ती दहाची होईल. बाकीचं अठराव्या वर्षी, जबडा कापून."

बैल गेला आणि झोपा केला. बायको भराभरा जिना उतरून पुढे गेली. कुणाच्या खांद्याला धक्का लागला तरी तिचं लक्ष नव्हतं. तो चिमणीचा हात धरून मागून उतरत होता. मधल्या पायरीवर ती थांबली. बोटांवर काहीतरी मोजत होती.

"बाबा, चारच दिवस होते?"

त्याने मान डोलावली.

"मग तू तिसऱ्याच दिवशी का काढलंस?"