काकासाहेबांच्या भिंतीवरचं व्हायोलिन

मित्रांनो, अंबडला काकासाहेबांच्या घरी देवघराशेजारच्या खिळ्याला एक जुनं व्हायोलिन लटकलेलं आहे. ते मी. माझ्या अंगावर हळदीकुंकवाची पुटं आहेत, गळ्यात झेंडूची वाळकी माळ आहे. आल्यागेल्याचे नमस्कार मला मिळतात. वीस वर्षांत माझ्या तारांवर कुणी गज मात्र ठेवलेला नाही.

माझा जन्म मद्रासचा. ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने लाकूड चार उन्हाळे वाळवलं आणि मगच त्याला हत्यार लावलं. पुढे मी कामाक्षीअम्मांकडे आलो. त्यांचे यजमान कालव्यावर इंजिनिअर होते. एक्याऐंशी साली त्यांची बदली अंबडला झाली आणि ट्रंकांबरोबर मीही इकडे उतरलो.

आमच्या दक्षिणेत मला उभ्याने वाजवत नाहीत. वाजवणारी मांडी घालून बसते, माझं एक टोक छातीशी धरते आणि माझं डोकं उजव्या पावलावर टेकवते. त्यामुळे डाव्या हाताला माझं ओझं पेलावं लागत नाही. तो मोकळा राहतो, तारेवरून घसरतो आणि एक सूर दुसऱ्यात विरघळतो.

शेजारच्या काकासाहेबांची लेक गोपिका कढीपत्ता मागायला आली ती तिथेच बसून राहिली. तीन वर्षं ती अम्मांकडे शिकली. तिची बोटं माझ्या तारांना इतकी ओळखीची झाली, की अम्मांनी मला तिलाच देऊन टाकलं. चौऱ्याऐंशीत अम्मांच्या यजमानांची पुन्हा मद्रासला बदली झाली. त्या काकासाहेबांना म्हणाल्या, "दोन वर्षं हिला माझ्याबरोबर पाठवा. लेकीसारखी ठेवीन."

काकासाहेब म्हणाले, "आधी चार माणसांपुढं वाजवू द्या. बराबर जमलं तर पाठवतो."

एका रविवारी दुपारी त्यांच्या बैठकीत सतरंज्या पसरल्या. वीसेक माणसं जमली. दाराआड बायका बसल्या. अम्मा एका बाजूला मांडीवर हाताने ताल धरून होत्या. गोपिकाने डोळे मिटले आणि गज ओढला. मित्रांनो, त्या दुपारी मी जसा वाजलो तसा पुन्हा कधी वाजलो नाही. भजनात पखवाज वाजवणारे रखमाजी डोलत होते. डोलता डोलता त्यांची नजर खाली गेली.

"काकासाहेब, तुमची पोरगी सरस्वतीला पायावर घेऊन बसली की हो!"

बैठक हसली. काकासाहेबांचे कान लाल झाले.

"गोपे, थांब. काय करून राह्यली हे?"

"दादा, हे असंच वाजवतात."

"असंच म्हंजे? पुस्तकाला पाय लागला तर पाया पडतो आपण!"

अम्मा शांतपणे म्हणाल्या, "काकासाहेब, तुमच्या बायका बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालतात. त्यात बाळाचा अपमान होतो का?"

"अगदी बराबर बोलल्या त्या," दाराआडून गोपिकाची आई जयवंताबाई म्हणाल्या.

"तुम्ही गप बसा," काकासाहेब बायकोवर गरजले. वीस माणसांपुढे हसं झालं होतं त्यांचं. "गोपे, उभ्यानं वाजव मंग."

तिने कधीच उभ्याने वाजवलं नव्हतं. पण दादांचा शब्द, ती उठली. माझा सगळा भार तिच्या डाव्या हातावर आला. घसरणारी बोटं, मी पडू नये म्हणून, मला आवळून बसली. गज थरथरला आणि मी किंचाळलो.

"मांजराच्या शेपटीवर पाय पडला काय?" रखमाजी म्हणाले.

"आन् हे शिकायला मद्रासला जायचं का?" काकासाहेबांनी विचारलं. गोपिकाने मला खाली ठेवलं. आठ दिवसांनी अम्मा एकट्याच गेल्या.

काकासाहेबांना माझा राग नव्हता, हे सांगायलाच हवं. देवीचा कोप नको म्हणून त्यांनी मला स्वतःच्या हाताने भिंतीवर टांगलं. पहाटे अंघोळ झाली की पहिलं फूल मला. दसऱ्याला तेल, हळद, कुंकू. तेल लाकडात मुरलं, हळद खुंट्यांत गेली, तारा गंजल्या. त्यांच्या भक्तीला कुणी नाव ठेवू शकलं नसतं. गोपिकाला केदारखेड्याला दिली. माहेरी आली की ती माझ्यासमोर हळदीकुंकू ठेवायची आणि वर न बघता स्वयंपाकघरात जायची.

गेल्या वर्षी काकासाहेब गेले. तेरावा झाल्यावर जयवंताबाईंनी तिला हाक मारली, "घे बाई खाली. आता कोण हाय बोलायला?"

तिने मला उतरवलं. छत्तिशीतली गोपिका जमिनीवर बसली आणि माझं डोकं तिने उजव्या पावलावर ठेवलं. तार लावायला खुंटी पिळली. खुंटी हलेना. तिने जोर लावला आणि माझी पाठ आतून उभी चिरली.

"काय मोडलं गं?" आईने विचारलं.

"काही न्हाई, आई. देव झालंय ते आता. देवाला कुठं आवाज असतो?"

तिने मला पदराने पुसलं आणि पुन्हा खिळ्याला अडकवलं.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं वाद्य असं भिंतीवर असेल तर आजच खाली काढा. माळा फेका, तारा बदला. घरातल्या ज्या मुलीला ते हवंसं वाटतं तिच्या हातात द्या. ती कशीही बसो, तुम्ही तिच्यासमोर बसा, आणि तिचं वाजवून होईपर्यंत तोंड उघडू नका.