सतरावं नाव

गुरुवारी दुपारी चारला यादी वाचायची होती आणि मंगळवार उजाडला तरी बाईंच्या कागदावर सोळाच नावं होती.

बाई म्हणजे राष्ट्रीय महिला रग्बी संघाच्या फॉरवर्ड खेळाडूंच्या प्रशिक्षक. एरवी त्या मुलींच्या शाळेत खेळ शिकवत, म्हणून संघातल्या पोरीही त्यांना बाईच म्हणायच्या. जागतिक स्पर्धेला सतरा फॉरवर्ड न्यायच्या होत्या. मागे राहून वाऱ्यासारख्या पळणाऱ्या पोरी मुख्य प्रशिक्षक निवडणार होते, त्यांना सगळे सर म्हणत. पुढे राहून धडका घेणाऱ्या आणि ढकलणाऱ्या दांडग्या पोरी निवडायचं काम बाईंचं. सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, की तुमच्या कागदाला मी बोट लावणार नाही, पण पुढची फळी कोसळली तर जाब तुम्हालाच विचारीन.

तेव्हापासून बाईंना दुसरं काही सुचत नव्हतं. त्यांचे यजमान चष्म्याच्या दुकानात कामाला होते. ते म्हणायचे, हल्ली ही बाजारात कोबी घेतानासुद्धा त्याचे खांदे बघते. एरवी बाई हसल्या असत्या.

अडलं होतं ते लॉकच्या जागेवर. रग्बीत स्क्रम लागतो तेव्हा दोन्हीकडच्या आठ-आठ जणी वाकून एकमेकींत घट्ट अडकतात आणि खांद्याने समोरच्यांना रेटतात. पुढे तिघी असतात. त्यांच्या मागे डोकं खुपसून ज्या दोघी खरा जोर लावतात त्या लॉक. संघातल्या बाकीच्या लॉक ठरल्या होत्या. उरलेल्या एका जागेसाठी दोघी होत्या, आणि त्या सख्ख्या बहिणी होत्या. त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. एक थोरली, दुसरी धाकटी.

थोरली तेहेतीस वर्षांची. आई लवकर गेल्यावर धाकटीची वेणी तिनेच घातली, शाळेच्या सभांना तीच गेली, आणि पुढे मैदानावरही तिनेच आणलं. चार वर्षांपूर्वी ती जागतिक स्पर्धेला जाणार हे जवळजवळ नक्की होतं. ऐन निवडीच्या आठवड्यात धाकटीचा पाय दोन ठिकाणी मोडला. थोरली शिबिर सोडून दवाखान्यात जाऊन बसली ती अडीच महिने. त्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही. आता मात्र पुढच्या स्पर्धेपर्यंत तिचं वय थांबणार नव्हतं.

धाकटी चोवीसची. महिन्याभरापूर्वी बाईंनी तिला ढकलताना पाहिलं तेव्हा त्यांनी मनातल्या मनात सतरावं नाव लिहूनही टाकलं होतं. पण शिबिर सुरू झालं आणि पोरीला काय झालं कोण जाणे. पळत होती, चेंडू झेलत होती, फक्त स्क्रममध्ये तिचा जोर जाणवत नव्हता. बघणाऱ्याला काही कळलं नसतं. पाठ सरळ, गुडघे वाकलेले, चेहरा लाल, सगळं जिथल्या तिथे.

मंगळवारी सकाळच्या सरावात मात्र गोष्ट हाताबाहेर गेली. स्क्रम लागला, उजवी बाजू पुढे सरली, डावी जागीच राहिली, आणि सगळा घोळका गरकन फिरून खाली बसला. डाव्या बाजूला पुढे तिजोरी होती, म्हणजे जिच्या पलीकडे काही जात नाही अशी आडव्या बांध्याची प्रॉप, पुढच्या तिघींतली कडेची. ती तोंडावर आपटली आणि तिच्यावर तिघी पडल्या.

बाई धावत गेल्या. तिजोरी उठून बसली, कपाळावरची माती पुसली आणि म्हणाली की सगळं ठीक आहे, दातही मोजून घेतलेत. पोरी हसल्या. बाई मात्र हसल्या नाहीत. सव्वीसाव्या वर्षी त्या स्वतः अशाच एका स्क्रमखाली सापडल्या होत्या. मागून येणारा रेटा एकाएकी थांबला होता. मानेत दोन स्क्रू बसले आणि खेळ संपला. अजूनही बाजूला बघायचं तर त्यांना अख्खं अंग वळवावं लागे.

पोरी पाणी प्यायला गेल्यावर बाई त्या जागेवर उकिडव्या बसल्या. जीव तोडून ढकलणारीचे बूट गवत फाडून मातीत रुततात. उजव्या लॉकच्या जागी तसेच दोन खोल चर पडले होते. डाव्या जागी गवत नुसतं विंचरल्यासारखं आडवं झालं होतं. ती जागा धाकटीची होती.

पायाचं जुनं दुखणं असेल, असं बाईंनी स्वतःला समजावून पाहिलं. त्या दुपारी थोरलीच आपणहून त्यांच्याकडे आली. दारातच घुटमळली. मग म्हणाली की धाकटीचं काहीतरी दुखतंय आणि ती लपवतेय, घरीही विषय काढला की उठून जाते. "तुम्ही तिला डॉक्टरांना दाखवा, बाई. माझं नाव सांगू नका." स्वतःची जागा टांगणीला लागलेली असताना थोरली बहिणीच्या पायाची काळजी करत होती. डॉक्टरांनी तिन्हीसांजेच्या आत धाकटीला तपासलं. पाय ठणठणीत होता.

बुधवारी सकाळी बाईंनी धाकटीला सामानाच्या खोलीत गाठलं. ती चेंडूंमध्ये हवा भरत बसली होती. बाईंनी दार लोटून घेतलं आणि आडपडदा न ठेवता विचारलं, की हातचं राखून का खेळतेस?

धाकटीने आधी कानांवर हात ठेवले. मग चेंडू मांडीवर घेऊन त्याची शिवण चाचपायला लागली.

"ताईचं नाव लिहा," ती शेवटी म्हणाली. "मला अजून दोन स्पर्धा मिळतील. तिला ही एकच आहे. तीसुद्धा मागच्या वेळी माझ्यामुळे गेली."

"तिला माहितीये?"

"तिला कळलं तर ती मला जिवंत ठेवणार नाही."

बाईंना तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला आणि त्याच क्षणी एक ठेवून द्यावीशीही वाटली. दोन्ही न करता त्या म्हणाल्या, "काल तिजोरी तोंडावर का पडली, माहीत आहे तुला? तिच्या मागे तू होतीस. तू तिथे नुसती उभी होतीस."

पोरीचा चेहरा पांढरा पडला. हा विचार तिच्या मनाला शिवलाच नव्हता. ताईला जागा द्यायची एवढंच तिने पाहिलं होतं, मधे आणखी कुणाची मान आहे हे तिच्या गावीही नव्हतं. ती रडली नाही. "मी नाव मागे घेते," एवढंच पुटपुटली.

"नाव घ्यायचं की नाही ते मी ठरवीन," बाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. पण काय ठरवायचं हे त्यांना कुठे ठाऊक होतं? सरांना सांगावं तर ते धाकटीला त्याच दिवशी घरी पाठवतील, म्हणजे तिला हवं होतं तेच होईल. न सांगता धाकटीला घ्यावं, तर जिने संघाला फसवलं तिला बक्षीस दिल्यासारखं. आणि गुपचूप थोरलीला घ्यावं, तर पन्नासाव्या मिनिटानंतर थकून तिची कंबर वर येते आणि रेटा सुटतो हे बाईंनी याच डोळ्यांनी पाहिलं होतं. तिच्याही पुढे कुणाची तरी मान असणारच होती. यजमानांचा फोन आला तेव्हा आपण काय बोललो हे फोन ठेवताच त्या विसरल्या.

दुपारच्या सरावाला त्यांनी एक गोष्ट केली. उजव्या लॉकच्या जागी खेळणाऱ्या संघनायिकेला बाहेर बसवलं आणि दुसऱ्या रांगेत दोघी बहिणींना शेजारी शेजारी लावलं. सरांनी भुवया उंचावल्या, पण दिलेला शब्द पाळला.

लॉकच्या जोडीने एकमेकींच्या कमरेवरून हात टाकून घट्ट धरायचं असतं. शेजारणीचा श्वाससुद्धा कळतो. पहिला स्क्रम लागला, सुटला, आणि थोरली उठली ती धाकटीकडे टक लावून बघत. डॉक्टरांना पाय ठणठणीत दिसला होता हे तिला ठाऊक होतं. धाकटी इतके दिवस जोर का चोरत आली होती, हे तिला त्या चार सेकंदांत उमगलं. ती बहिणीच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. काय ते कुणालाच ऐकू आलं नाही. धाकटीची मान खाली गेली.

मग थोरली तडक बाईंकडे आली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"कालपासून शंका होती. आज सकाळी कळलं."

"मग ऐका. मी माझी जागा तिला देणार नाही, आणि तिची दिलेली घेणारही नाही. आता दोघी खेळू. तुम्ही बघा आणि लिहा. दया नको."

नंतरचे नऊ स्क्रम बाईंनी डोळ्यांत तेल घालून पाहिले. पापणी लवली आणि नेमकं तेव्हाच काही निसटलं तर, या धास्तीने त्यांचे डोळे चुरचुरायला लागले. दोघी बहिणी बोलत नव्हत्या, एकमेकींकडे बघतही नव्हत्या, फक्त धरत होत्या आणि ढकलत होत्या. समोरची आठजणींची फळी पाचव्या स्क्रमला सात पावलं मागे गेली. इतका सुंदर रेटा बाईंनी त्या मोसमात पाहिला नव्हता, आणि त्यातली एकच न्यायची होती. सहाव्यापासून थोरलीची कंबर बोटभर वर यायला लागली. ती दात-ओठ खाऊन खाली नेत होती, पुन्हा येत होती. धाकटी नवव्यालाही पहिल्यासारखीच होती.

त्या संध्याकाळी बाई सरांच्या खोलीत गेल्या आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. लपवून ठेवलेलं ओझं घेऊन स्पर्धेला जायची त्यांची छाती नव्हती. सरांनी टेबलावर पेन्सिल आपटली. फसवणारी पोर नको, असं एकदा म्हणाले. मग विचारलं, तुम्हाला तिची खात्री आहे? बाई म्हणाल्या, की तिने पुन्हा असं केलं तर तिच्याबरोबर मीही घरी जाईन. सर म्हणाले, तसं लिहून घेत नाही, पण लक्षात ठेवतो.

गुरुवारी चारला बाईंनी यादी वाचली. सतरावं नाव धाकटीचं होतं. ती भिंतीकडे बघत बसली होती. थोरलीने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या, तिजोरीच्या पाठीवर थाप मारली, आणि आपली पिशवी भरायला निघून गेली. बाई मागोमाग गेल्या, तर ती बुटांची गाठ सोडत होती. गाठ कधीच सुटली होती, तरी तिची बोटं तिथेच होती.

"तुम्ही योग्यच केलंत," ती मान वर न करता म्हणाली. "पण आत्ता माझ्याशी बोलू नका, बाई."

बाई परतल्या. घरी पोचल्यावर त्यांनी यजमानांना एवढंच सांगितलं, की यादी झाली. यजमानांनी पाण्याचा पेला आणून समोर ठेवला आणि ते शेजारी बसले.

विमानतळावर थोरली आली नाही. धाकटी शेवटच्या दारापर्यंत मागे वळून बघत होती. ताई फोनही उचलत नाही, असं तिने विमानात बाईंना सांगितलं. बाईंच्या मनात आलं, आता हीच पोर मैदानावर मोडून पडली तर? सरांना दिलेला शब्द तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या छातीवर धोंड्यासारखा बसला.

पहिल्या सामन्यात प्रतिस्पर्धी दर जणीमागे सहा किलोंनी जड होत्या. बाई बाजूच्या रेषेवर उभ्या राहून एकेका स्क्रमला मुठी आवळत होत्या. सत्तराव्या मिनिटाला आपल्याच गोलरेषेपासून पाच मीटरवर स्क्रम लागला. तो कोसळला असता तर सगळंच संपलं असतं. फळी थरथरली, अर्धं पाऊल मागे आली आणि तिथे थांबली. तिजोरीच्या मागे धाकटीचे पाय मातीत घोट्यापर्यंत रुतले होते. चेंडू सुटला. संघ सामना चार गुणांनी हरला, पण स्क्रम एकही गमावला नाही.

बसमध्ये बसल्यावर बाईंनी फोन उघडला. थोरलीचा निरोप होता. नमस्कार नाही, अभिनंदन नाही, नुसत्या दोन ओळी. "सामना पाहिला. स्क्रममध्ये तिचा उजवा खांदा उशिरा बसतोय. सांगा तिला."

बाई उठल्या, तोल सावरत मागच्या बाकापर्यंत गेल्या आणि फोन धाकटीच्या हातात दिला. धाकटीने निरोप वाचला, पुन्हा वाचला.

"मीच विचारते तिला, हं," ती म्हणाली आणि बाईंच्याच फोनवरून नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत होती. बाई बाकाची कड धरून तिथेच उभ्या राहिल्या.

सातव्या घंटीला फोन उचलला गेला.