जोत्यातले झरोके

मी एक लाकडी घर बोलतंय. फिनलंडमधल्या एका तळ्याकाठी पाइनचे ओंडके एकावर एक रचून, फटींत शेवाळ ठासून मला उभं केलं. थंडीला मी कधी भ्यालं नाही.

माझ्या जमिनीखाली थोडी पोकळी आहे आणि दगडी जोत्याला झरोके आहेत. हिवाळा आला की घरधनी एइनो ते पेंढा कोंबून बंद करायचा आणि तळ्यावरचा बर्फ फुटला की न चुकता उघडायचा. त्याची बायको आउने म्हणायची, "आधी घराचं नाक मोकळं करतील, मग माझ्याशी बोलतील!" मला मोठी मौज वाटायची.

एइनो गेला. कितीही लाकडं जाळली तरी आउनेचे पाय गारठलेलेच. मग मुलगा इल्मारी शहरातून आला.

"आई, सगळं बुजवून देतो. तरीही कुरकुर केलीस तर सरळ माझ्या फ्लॅटवर!"

पोरानं जीव ओतून काम केलं. माळ्यावर भुसा पसरला, खिडक्यांच्या फटी बुजवल्या. मला खरंच ऊब आली. पण त्यानं झरोक्यांतही फोम भरला, कायमचा.

"अरे, ते उन्हाळ्यात उघडायचे असतात."

"कशाला? ऊब बाहेर सोडून तळं तापवायचंय का?"

आउनेनं पुढे ताणलं नाही.

काही उन्हाळे तसेच गेले. खालची ओल बाहेर पडेना, माझी तुळई कुजू लागली. आउनेला कुजका वास यायचा. पण इल्मारी यायच्या आधी ती कॉफी उकळत ठेवायची, वेलदोड्याचे पाव भाजायची, म्हणजे त्याला काही कळणार नाही. शहरात जावं लागेल याची तिला धास्ती होती. माझ्यात राहायचं म्हणून ती माझंच दुखणं दडवत होती. मला राग यायचा आणि तिची कीवही यायची.

यंदा बर्फ फुटला तेव्हा माझी जमीन तिच्या पायाखाली दबली. ती सुरी घेऊन जोत्याशी बसली आणि फोम खरवडू लागली. तेवढ्यात इल्मारीची गाडी आली.

"आई, हे काय चालवलंयस?"

"हात घाल आत. तुळई चाचपून बघ."

त्याच्या मुठीत ओला, काळा भुगा आला.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं. बोलले असते तर उचलून नेलं असतंस मला."

तो तिच्या हातातली सुरी घेऊन पुढच्या झरोक्याशी बसला.

"मग मी राहू ना इथंच?" तिनं विचारलं.

तो नुसता खरवडत राहिला.

माझ्या पोटात आता वारा खेळतोय, पण मी किती तग धरेन, मलाच ठाऊक नाही. इल्मारी, तुळईचं मागाहून बघ. आधी तिला उत्तर दे, बाबा.